नवमीला न उचललेला पाना

त्यानं मला सांगितलं होतं. एवढं एक वाक्य ज्या दिवशी, ज्या माणसांसमोर बोलायला हवं होतं, तिथे मी बोललो नाही. आता वय झालं, दुकान बंद केलं, आणि वहिनींनी बजावलं म्हणून लिहायला बसलो आहे. नावं कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांना कळायला हवं ते ओळखतील.

सांगितलं होतं ते माझ्या पुतण्यानं, माझ्या थोरल्या भावाच्या एकुलत्या मुलानं. गाडीला ट्रॅकचे ब्रेक पॅड आहेत, ते बदलेपर्यंत ती कुणी हलवू नये, असं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीच्या अपघातात दादा वारले. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या आमच्या गोतावळ्यात एकच गोष्ट सांगितली जाते, की पोराच्या शर्यतीच्या नादापायी बाप गेला, आणि पोरानं साधं सांगून ठेवायचीही तसदी घेतली नाही. यातलं दुसरं वाक्य खोटं आहे. ते खोटं माझ्यामुळे पसरलं.

माझं दुकान टोपी बाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात होतं. ब्रेक आणि क्लचचे सुटे भाग, बाकी काही नाही. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले आणि शिंदे की छावनीत राहिले. वडिलांपर्यंत घरात कुणी ना कुणी वर्दीत होतं. माझे डोळे अधू निघाले, भरतीत नापास झालो, आणि एका ओळखीच्या दुकानदाराकडे ब्रेकचे लायनर ठोकायला बसलो. पुढे स्वतःचं दुकान झालं. दादा बँकेत लागले. त्यांनी दर्पण कॉलनीत घर बांधलं तेव्हा वरची एक खोली मला दिली. मी लग्न केलं नाही. पुतण्या लहानाचा मोठा झाला तो माझ्याच अंगाखांद्यावर, असं म्हटलं तरी चालेल.

तो मालनपूरच्या एका कारखान्यात लागला आणि पहिल्या काही पगारांतून त्यानं एक लहान गाडी घेतली. घरातली ती एकच चारचाकी. मग कारखान्यातल्या दोस्तांबरोबर त्याला दिल्लीपलीकडच्या शर्यतीच्या ट्रॅकचा नाद लागला. वर्षातून काही दिवस तो ट्रॅक साध्या माणसांना आपली गाडी चालवायला खुला असायचा. दादांना हे अजिबात आवडायचं नाही. जेवताना म्हणायचे, "गोल गोल फिरून परत तिथेच यायचं, आणि त्यासाठी पाच तास पेट्रोल जाळत जायचं. यापेक्षा घरीच तुळशीला प्रदक्षिणा घाल." वहिनी हसायच्या, पोरगा ताटात बघायचा.

पहिल्यांदा ट्रॅकवरून आला तेव्हा तो घरी न जाता थेट दुकानात आला होता. पुढच्या चाकांचे पॅड काढून रुमालात बांधून आणले होते. गल्ल्यावर ठेवले. मी उचलून नाकाशी धरले. जळका वास, आणि वरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत.

"काका, पाचव्या राउंडला पेडलनं जवाब दिला. मैं दबा रहा हूँ, गाडी सुन ही नहीं रही."

"मग काय केलंस?"

"बाबांची आठवण काढली."

आम्ही दोघंही हसलो. समोर एक टेम्पोवाला ब्रेक शू घ्यायला उभा होता, तो मला म्हणाला, "चाचा, लड़के को गाड़ी दिलाई है कि हवाई जहाज?" तेव्हा आम्ही आणखी हसलो.

ज्यांना या विषयातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर बसवलेला तळहाताहून लहान मसाला. पेडल दाबलं की तो चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घट्ट धरतो. रस्त्याचा पॅड थंड असतानाच धरतो. सकाळी घरातून निघालात आणि समोर गाय आली, तरी पहिल्याच दाबाला गाडी थांबते. पण तो फार तापला की घसरायला लागतो. ट्रॅकच्या पॅडचं उलटं. तो तापल्यावर काम करतो, आणि मग कितीही तापला तरी सोडत नाही. पण थंड असताना त्याला जान नसते. पेडल दाबलं तर गाडी मंदावते, पण नेहमीच्या अंदाजानं नाही. शिवाय तो किंचाळतो, काळी भुकटी सांडतो आणि डिस्क खातो.

पुतण्यानं फोनवर पुष्कळ वाचलं होतं. त्याचं म्हणणं, एक मधला पॅड मिळतो, रस्त्यावरही बरा आणि ट्रॅकवरही बरा, तोच घ्यावा. तो बरोबर होता. आठवड्याचे सहा दिवस मालनपूरला जाणाऱ्या आणि वर्षातून चार वेळा ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला मधलाच पॅड पुरे होता. पण मी इतकी वर्षं या धंद्यात होतो, आणि पोरगं मला फोनवरून शिकवत होतं. मी म्हणालो, जो दोन्हीकडे चालतो तो कुठंच पुरता चालत नाही. दोन जोड ठेव. एक रस्त्याचा, एक ट्रॅकचा. ट्रॅकवर जाण्यापूर्वी तिथंच बदलायचे, आणि बाहेर पडण्यापूर्वी तिथंच परत बदलायचे. जोड बदलल्याशिवाय गाडी घरच्या कुणाच्या हातात द्यायची नाही.

"और कभी टाइम नहीं मिला तो?"

"वेळ काढायचा."

नेमका प्रश्न त्यानं त्या दिवशी विचारला होता. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, दटावलं होतं.

ट्रॅकचे पॅड मी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून मागवले. दादांना सांगितलं नाही. दुकान बंद केल्यावर बोळातच गाडी उभी करून मी त्याला पॅड धरून ठेवणारा कॅलिपर उघडायला शिकवलं, पिस्टन मागे कसा ढकलायचा, पिना कशा पुसायच्या, नवे पॅड हळूहळू तापवून डिस्कवर कसे बसवायचे. वडिलांची पलटणीतली खाकी कॅनव्हासची पिशवी होती, ती मी त्याला हत्यारं ठेवायला दिली. आमच्याकडे पाने-पकडींना हत्यारंच म्हणतात. दादा जेवताना ट्रॅकवरून टोमणे मारायला लागले की पोरगा माझ्याकडे बघायचा आणि मी भातात वरण कालवत बसायचो. खरं लिहायचं तर मला त्यात सुख वाटायचं. त्याच्या बापाला ठाऊक नसलेलं काहीतरी माझं आणि त्याचं होतं.

तो नेमानं वागला. प्रत्येक वेळी ट्रॅकवरच पॅड बदलून घरी यायचा. आल्यावर मी गाडीपाशी जाऊन चाकाच्या फटीतून बघून घ्यायचो, तो म्हणायचा, "चेक कर लिया, इन्स्पेक्टर साहब?"

मग ती नवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. पणजोबांची तलवार, वडिलांचा कमरपट्टा, दादांचं पेन, वहिनींची विळी. वहिनी भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायच्या, कारण एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काहीही उचलायचं नाही. दादा याबाबत ढिले होते, बँकेत पेन लागलं तर उचलायचे. कडक होतो तो मी. ज्या माणसाला वर्दी मिळाली नाही त्याचे पाने वर्षातून एक दिवस तलवारीच्या रांगेत बसायचे. माझ्यासाठी तो दिवस काय होता हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण घरातले ओळखून होते आणि थट्टा करत नव्हते.

त्या वर्षी पुतण्या ट्रॅकवरून परतला तो नवमीच्या दुपारी. पूजा मांडून झाली होती. दादा शेजारी गेले होते, वहिनी स्वयंपाकघरात होत्या. तो दारातून आला तोच हातात खाकी पिशवी घेऊन. चेहरा उन्हानं रापलेला, डोळे लाल. सांगायला लागला की ट्रॅकवर उशीर झाला, डिस्क इतकी तापली होती की हात लावता येत नव्हता, पूजेला पोचायचं म्हणून तसाच निघाला, हायवेनं अंतर ठेवून सावकाश आला. आता पोर्चमध्ये लगेच पॅड बदलतो, मग आंघोळ करतो.

मी त्याच्या हातातून पिशवी घेतली.

"काका, आधी बदलतो. मग ठेवा."

"पूजा मांडली आहे. आता पाना उचलायचा नाही."

"पाना काय तलवार आहे?"

"आपल्या घरात आहे."

मी पिशवी तलवारीशेजारी ठेवली आणि तिच्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली. तो थकून हसला. वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं, आणि मला दुखवायचंही त्याला नव्हतं. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. किल्लीची जागा दाराजवळच्या खुंटीवर. तिथे न लावता त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली.

"ठीक है. मग उद्या मी बदलेपर्यंत गाडी कुणी हलवायची नाही. थंड असताना हे धरत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. बाबांना तुम्ही सांगा. मी सांगायला गेलो तर सणाच्या दिवशी पुन्हा तेच सुरू होईल."

मी म्हणालो, सांगतो.

रात्रीच्या जेवणाला दादा खुशीत होते. पोरगा पूजेला वेळेवर आला याचंच त्यांना कौतुक. ट्रॅकचा विषय त्यांनी काढला नाही. मी मनाशी म्हटलं, आता कशाला, सकाळी सांगू.

दसऱ्याच्या सकाळी पुतण्या वर झोपला होता. वहिनी चक्का बांधलेलं फडकं सोडत होत्या. मी पूजेपाशी बसून कालची फुलं काढत होतो. उत्तरपूजा व्हायची होती. दादा आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आले. लष्कर भागाकडच्या टेकडीवरच्या देवीला ते दर दसऱ्याला जायचे, गर्दी होण्याआधी. एरवी स्कूटरनं जात, पण त्या आठवड्यात गुडघा धरला होता.

"किल्ली दिसत नाही खुंटीवर," ते म्हणाले.

माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी काढून दिली. त्या क्षणाबद्दल आणखी लिहायचं आहे, पण ते शेवटी लिहितो. ते सगळ्यात जड आहे.

टेकडीवरून उतरताना वळणावर एका फुलवालीची हातगाडी रस्त्यात आली होती. तिथल्या लोकांनी नंतर सांगितलं की अंकल धीरेच येत होते, हॉर्नही दिला. दादांनी नेहमीसारखा ब्रेक दाबला असणार. दर्शन घेऊन येईपर्यंत पॅड पार निवले होते. त्यांच्या पायाला वर्षानुवर्षांची सवय, इतकं दाबलं की इतकी थांबते. तेवढ्या दाबाला गाडी थांबली नाही. दुप्पट जोर लावला असता तर कदाचित थांबली असती. पण दुप्पट जोर लावायला हवा हे पायाला आधी कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं. बाईला वाचवायला त्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी दगडी कठड्यावर गेली. पट्टा लावलेला नव्हता. दुपार व्हायच्या आत दवाखान्यात सगळं संपलं.

संध्याकाळी कॉलनीतली माणसं सोनं द्यायला निघाली होती. काही जणांना बातमी कळली नव्हती. ती शमीची पानं हातात घेऊन आमच्या दारापर्यंत आली, आतली गर्दी पाहिली, आणि पानं खिशात घालून उभी राहिली.

पॅडचं कळायला वेळ लागला नाही. गाडी जिथे नेऊन ठेवली होती तिथल्या मिस्त्रीनं चाक काढून पाहिलं आणि सांगितलं की यात तर रेसचे पॅड आहेत. वहिनींचे थोरले भाऊ त्या वेळी तिथे होते. तेरवीला जेवणं झाल्यावर बैठकीत सगळे नातेवाईक बसलेले असताना त्यांनीच पोराला विचारलं की गाडीत काय लावलं आहेस हे तुझ्या बापाला माहीत होतं का.

"मी काकांना सांगितलं होतं," तो म्हणाला. "किल्ली त्यांच्या हातात दिली होती."

सगळे माझ्याकडे वळले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. माझ्या हातात पाण्याचा पेला होता, तो मी खाली ठेवला आणि म्हणालो,

"मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही."

इतक्या शांतपणे बोललो की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पाचव्या राउंडला पेडल दाबलं आणि गाडीनं ऐकलं नाही, हे सांगताना त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवलं. तो पुन्हा काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. त्याआधी वहिनी बोलल्या.

"आपली चूक काकांच्या पदरात टाकू नकोस. त्यांनी तुला लेकरासारखं वाढवलं आहे."

तो उठला आणि वर गेला. त्यानंतर हा विषय त्यानं कुणापुढेही काढला नाही, माझ्यापुढेही नाही. वर्ष व्हायच्या आत पुण्याला नोकरी धरून निघून गेला.

मग त्या घरात वहिनी आणि मी. त्या मुलाशी फोनवर बोलायच्या, तब्येत कशी, जेवलास का, ठेवते. त्याच्या लग्नाला गेल्या आणि पाहुण्यासारख्या परत आल्या. नात झाली, तिचे फोटो फोनवर बघायच्या आणि फोन उलटा ठेवायच्या. दसऱ्याला तो कधीच आला नाही. त्यानं पुन्हा गाडीही घेतली नाही. बसनं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या गाडीत मागे बसून जातो, असं त्याच्या बायकोनं एकदा सहज सांगितलं. दसऱ्याच्या दिवशी तो माझ्या फोनवर फोन करायचा, आईनं काही खाल्लं का विचारायचा. मी सांगायचो, खाल्लं.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा वहिनींनी वेळेवर औषध घातलं. पोळी ताटात पडायच्या आधी तूप लावलेली असायची. कुणी आलं की म्हणायच्या, भाऊजी आहेत म्हणून मी आहे. मी ते ऐकत बसायचो. सांगायचं कितीदा ठरवलं. पहिल्या वर्षी वाटलं, दुःख ताजं आहे. पुढे वाटलं, आता जुनं झालं, खपली कशाला काढा. या दोन्हींच्या मधे एखादा दिवस असणार, सांगायला योग्य असा. तो मी जाऊ दिला.

यंदा गुडघ्यांनी दुकानाच्या पायऱ्यांना नाही म्हटलं, म्हणून दुकान बंद केलं. विकण्यासारखा माल विकला, बाकीचं सामान टेम्पोत घालून घरी आणलं. वहिनी व्हरांड्यात बसून खोकी निवडायला लागल्या, भंगारात काय द्यायचं आणि काय ठेवायचं. त्या सामानात दुकानाच्या माळ्यावरची खाकी पिशवी आली होती. मी विसरलो नव्हतो, तिच्यावर नजर ठेवून होतो, पण चहाचं पातेलं उतरवायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी ती ओढली.

ती पिशवी मी अपघातानंतर माळ्यावर टाकली होती. त्या वर्षी उत्तरपूजा झालीच नाही. रीतीप्रमाणे पाहिलं तर त्या हत्यारांना अजून हात लावायला मोकळीक नव्हती. मी लावला नव्हता.

"ही तर मामंजींची पिशवी," वहिनी म्हणाल्या. "आणि यावर कुंकू कसलं?"

मी दारात चहाचे कप घेऊन उभा होतो. त्यांनी बक्कल सोडलं. आतून पाने निघाले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार पॅड. गाडीवरून काढून ठेवलेला रस्त्याचा जोड. त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. इतकी वर्षं त्या माझ्याबरोबर राहिल्या, पण पॅड कधी हातात घेतला नव्हता.

"हे काय आहे?"

"त्या दिवशी गाडीला असायला हवे होते ते."

"मग का नव्हते?"

"मी लावू दिले नाहीत."

मग सगळं सांगितलं. नवमीची दुपार, पिशवी, हळदकुंकू, तळहातावरची किल्ली. मधला पॅड त्याला हवा होता, दोन जोडांचा हट्ट माझा होता, हेसुद्धा. चहावर साय धरली.

"म्हणजे तो खरं बोलत होता," त्या म्हणाल्या.

"हो."

बराच वेळ त्या पॅडवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सणाची गडबड होती. यांना सांगायचं विसरला असाल तुम्ही."

त्या मला वाट करून देत होत्या. खरं बोलणाऱ्या मुलाला आपण खोटारडा ठरवल्याचं त्यांना नुकतंच कळलं होतं, आणि तरी त्या मला वाट करून देत होत्या. त्या वाटेनं गेलो असतो तर संध्याकाळी माझं ताट नेहमीसारखं वाढलं गेलं असतं. विसरणं हा गुन्हा नाही. म्हाताऱ्या माणसाचा तर नाहीच. तेरवीच्या दिवशी मी जे बोललो तेही मग अर्धं खरं ठरलं असतं.

"नाही वहिनी. आठवलं होतं."

आता ते शेवटचं लिहितो. दादांनी किल्ली मागितली तेव्हा ती खिशातून काढता काढताच मला आठवलं. सांगायला मी तोंड उघडलं. दादा खुशीत होते. पॅडचं सांगितलं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? कुणी आणून दिले? मग दिल्लीचा व्यापारी, बोळातली शिकवणी, माझं दोन वर्षांचं गप्प बसणं, सगळं निघालं असतं. त्यांनी हेही विचारलं असतं, की पोरगा बदलतो म्हणत होता तर तू पिशवी का ओढून घेतलीस? ती पिशवी आमच्या दोघांच्या मधे, पूजेत, समोरच होती. मी विचार केला की अंतर थोडं आहे, दादा सावकाश चालवतात, काही होत नाही. आणि उघडलेल्या तोंडानं, जे सांगायचं होतं त्याच्या ऐवजी, मी म्हणालो,

"दादा, सावकाश जा."

"मी कधी पळवतो?" ते म्हणाले, आणि गेले.

वहिनींनी पॅड परत वर्तमानपत्रात गुंडाळला, नीट, भाजीची जुडी बांधावी तसा. म्हणाल्या, "हे लिहून काढा भाऊजी. तेरवीला जे जे बसले होते त्या सगळ्यांना द्या. तोंडानं सांगाल तर गोड करून सांगाल, मला माहीत आहे तुमचं बोलणं. आणि नावं घालू नका, त्याला पुन्हा चारचौघांत उभं करायचं नाही मला." मग त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मुलाला फोन लावल्याचं मला कळलं, काय बोलल्या ते कळलं नाही. त्या संध्याकाळी म्हणाल्या, डब्यात पोळ्या आहेत. वाढायला आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुण्याला गेल्या. स्टेशनवर मी पिशव्या उचलायला लागलो तर म्हणाल्या, राहू द्या, हमाल आहे.

पुतण्याचा फोन मग काही दिवसांनी आला. "आईनं सांगितलं," म्हणाला. मी माफी मागायला सुरुवात केली, त्यानं थांबवलं.

"काका, मी स्वतः बाबांना सांगायला हवं होतं. शेजारीच तर गेले होते. मैं जाके सो गया."

इतकी वर्षं तोही काहीतरी उराशी धरून बसला होता. मी म्हणालो, "तू सांगितलं होतंस. किल्ली माझ्या हातात दिली होतीस. तुझं काम तिथं संपलं होतं."

मागून लहान मुलीचा आवाज येत होता, आणि तिला काहीतरी भरवणाऱ्या वहिनींचा. त्या हसत होत्या. तो म्हणाला, आई आता इथेच राहील. मी म्हणालो, राहू दे. त्यानं मला ये म्हटलं नाही, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मग "बरं, ठेवतो," म्हणाला.

यंदाच्या नवमीला मी एकटाच होतो. तलवार मांडली, कमरपट्टा मांडला, दादांचं पेन मांडलं. विळी वहिनी घेऊन गेल्या आहेत. खाकी पिशवी मांडली नाही, तिची तर आधीचीच पूजा सुटायची होती. दसऱ्याच्या सकाळी तिची उत्तरपूजा केली, सुकलेलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं आणि पाना बाहेर काढला. त्याला गंज चढला होता. तो हातात घेऊन पोर्चमध्ये गेलो.

गाडी जिथे उभी असायची तिथे आता वहिनींच्या कुंड्या आहेत. माती भेगाळली होती. पाना कठड्यावर ठेवला आणि पाणी आणायला आत गेलो.